आतलं वेटोळं

टाकीचं झाकण उचललं तेव्हा
बाहेरून काहीच बिघडलेलं नव्हतं.
रंग शाबूत, नंबरपट्टी शाबूत,
रेडिएटरच्या फटीत कुंभारीण माशीचं मातीचं घरसुद्धा तसंच.
खैरगाव सबस्टेशनहून ट्रेलरवर आलेलं पाच एमव्हीएचं धूड
दारव्हा रोडवरच्या आमच्या शेडमध्ये
जळक्या तेलाचा वास सोडत उभं होतं.

ऑपरेटर सांगत होता, वानर होतं,
आपलं काळ्या तोंडाचं.
अकरा केव्हीच्या तारांवरून उडी चुकली.
अर्धा सेकंदही नाही,
ब्रेकर पडला, वानर पडलं,
अन् टाकीतून आवाज आला,
"कोणी आतून दार ठोकलं असं वाटलं, मॅडम."

मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच.
शेडमध्ये मी नुसती बेबीनंदा.
तांब्याच्या पट्टीवर कागद चढवायचा,
प्रेसबोर्डचे ठोकळे कापायचे,
कड्याकड्यांच्या मधे बसवायचे, ओळंब्यात.
एकोणीस वर्षं.

मडावी मिस्त्रीनं मला वीज अशी शिकवली:
एका वाटेनं जाणाऱ्या दोन तारा
एकमेकींना बिलगतात,
उलट्या वाटेनं जाणाऱ्या ढकलतात.
"आतलं वेटोळं अन् बाहेरचं, हे दोघं जन्माचे उलटे.
रोजच ढकलतात. पण हळू.
आपल्याले ऐकू येते ते फक्त गुणगुण."
मग शॉर्ट झाल्यावर?
"करंट दुप्पट, तर धक्का चौपट.
करंट दहापट..."
पुढे बोलला नाही, जिनकडे हात केला.
तिथं त्या वर्षी एका गाठीच्या पट्ट्या तुटल्या होत्या
आणि दाबलेला कापूस छताच्या पंख्यापर्यंत गेला होता.

बाहेरचं वेटोळं ताण सोसतं,
बैलगाडीच्या चाकावरची धाव जशी.
तांबं ताणाला फारसं भीत नाही.
पण आतल्याला दाबतात चहूबाजूंनी,
आणि दाबलेल्या गोलाला गोल राहायचं
तर हट्टी असावं लागतं, सगळीकडून सारखं.
एखादी जागा हट्ट सोडते.

लो व्होल्टेजच्या वेटोळ्यात तीन खळ्या होत्या,
घागर विहिरीच्या काठाला आपटावी तशा.
वरच्या कड्या एकमेकींवर झोपलेल्या.
आणि तळाशी, तेलाच्या गाळात, चार ठोकळे.

एक उचलून पुसला.
पेन्सिलीचं 'बे' निघालं.

सहा वर्षांपूर्वीच्या रब्बीत हेच यंत्र आलं होतं.
भट्टीत तीन दिवस पाहिजे होतं,
दीड दिवसात काढलं.
सारखे फोन येत होते, हरभऱ्याला पाणी, हरभऱ्याला पाणी.
त्यात एक फोन माझ्या भावाचा.
काढा म्हणणाऱ्यांत मीही होते.

ओलसर कागद फुगलेला असतो,
नट आवळला की घट्टच वाटतं.
मग चालत्या उष्णतेत तो वाळत जातो,
केसाएवढा, केसाएवढा आकसतो,
नवी बाज पडते तसं सगळं सैल पडतं.
बाजेची दावण ओढता येते.
झाकणाखाली कोणाचा हात जात नाही.

त्या वानराच्या आधीही
पडल्याच असतील फांद्या, वादळात तारा.
तेव्हाही कोणी आतून ठोकलं असेल,
हळू, म्हणून ऐकू गेलं नसेल.

मडावी मिस्त्रीनं ठोकळा घेतला, उलटा करून पाहिला.
"काऊन उभी राह्यली? तांबं सोडव," म्हणाला,
आणि ठोकळा खिशात टाकला.

आज नवं वेटोळं भट्टीत आहे.
दुसरा दिवस.
निघालं की दोघांची उंची मोजायची,
बोटभर जरी खालीवर राहिलं
तर धक्क्यात एक वर पळतं, एक खाली.
मी ठोकळे कापतेय.
टेबलावर फोन थरथरतोय, स्क्रीनवर भावाचं नाव,
आणि थरथरत तो काठाकडे सरकतोय,
केसाएवढा,
केसाएवढा.